तेरातली एक चाल

१९९८ सालची स्पेनमधली लिनारेसची बुद्धिबळ स्पर्धा. जिंकला आपला विश्वनाथन आनंद, पण संगणकांना पुढे कित्येक वर्षं घाम फोडला तो टोपालोव-शिरोव डावाने. पटावर सोंगट्या उरल्या होत्या अवघ्या १०. काळ्याची, म्हणजे शिरोवची, दोन प्यादी जास्त, पण उंट विरुद्ध रंगांच्या घरांवरचे, आणि असे डाव बहुधा बरोबरीत सुटतात. ४७वी चाल शिरोवची. नियमात बसणाऱ्या चाली मोजल्या तर १३ भरतात. त्यातून त्याने एफ-५ वरचा उंट उचलला आणि एच-३ वर, थेट पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी ठेवला. उंट गेला, पण काळ्या राजाला एफ-५ चं घर मोकळं झालं. तिथून तो ई-४ वर पोचला आणि पांढऱ्या राजाची वाट अडली.

आता संगणकाचा हिशेब बघा. प्याद्याला १ गुण, उंटाला ३. काळा २ गुणांनी पुढे होता, तो एका चालीत १ने मागे पडला. मग एफ-६ चं प्यादंही गेलं, म्हणजे २ने मागे. ५३व्या चालीला टोपालोवने डाव सोडला, तेव्हाही या हिशेबाने तोच पुढे होता!

उंट दिल्यापासून तिथवर दोघांच्या मिळून चाली झाल्या १३. दर वेळी सरासरी १५ पर्याय धरले, तर शक्यता होतात सुमारे १,९४६ लाख कोटी. कास्पारोवला हरवणारा डीप ब्लू संगणक सेकंदाला २० कोटी स्थिती तपासायचा. त्यालाही एवढ्या उरकायला ११२ दिवसांहून जास्त लागले असते. अर्थात, प्रोग्रॅम सगळ्या फांद्या धुंडाळत नाहीत, छाटतात. दर वेळी सर्वोत्तम चाल पहिल्यांदाच तपासली गेली, तर तेवढंच काम सुमारे १८ कोटी २२ लाख स्थितींत भागतं. डीप ब्लूला सेकंदसुद्धा नको. सगळी मदार क्रमावर, आणि फुकटात उंट देणारी चाल जुने प्रोग्रॅम रांगेत शेवटी ढकलणार.

पण नुसता वेग पुरत नाही. २०१७ मध्ये अल्फाझीरो हा प्रोग्रॅम सेकंदाला जेमतेम ८० हजार स्थिती बघत होता, त्याचा प्रतिस्पर्धी प्रोग्रॅम स्टॉकफिश ७ कोटी. १०० डावांत अल्फाझीरोने २८ जिंकले, हरला एकही नाही. (स्टॉकफिशला यंत्रसामग्री तोडीची मिळाली नव्हती, ही तक्रार रास्तच.)

अचूक निकाल सांगणारी संपूर्ण कोष्टकं आहेत, पण ती ७ सोंगट्यांपर्यंतच. त्यांत ४२३ लाख कोटींहून जास्त स्थिती आहेत आणि जागा लागते सुमारे १८ टेराबाइट. टोपालोवने डाव सोडला तेव्हा पटावर सोंगट्या होत्या ८.