काळं ऑइल, कमी किलोमीटर आणि पंचवटीतली गाडी

इंजिन ऑइल बदलायचं की नाही, हे बहुतेक जण डोळ्यांनी ठरवतात. पट्टी ओढली, ऑइल काळं दिसलं की ते खराब झालं. सोनेरी दिसलं की चालू द्या. ही कसोटी दोन्हीकडून फसवते. ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात, त्यामुळे डिझेल गाडीत नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. ते आपलं काम करत असल्याची ती खूण आहे. उलट नितळ दिसणाऱ्या ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाण्याचा अंश मिसळलेला असू शकतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

यापेक्षा महागात पडणारा समज म्हणजे ‘गाडी फिरतेच कुठे?’ नाशिकच्या पंचवटीतल्या निमाणीहून रविवार कारंजा आणि परत, एवढ्यात इंजिन पुरतं तापतही नाही. आत जमलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. मुंबईपर्यंतच्या सलग प्रवासात ते उडून गेलं असतं. म्हणून गावातले वर्षाचे तीन हजार किलोमीटर महामार्गावरच्या दहा हजारांपेक्षा ऑइलला जड जाऊ शकतात. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात माल भरेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या पिकअपचंही तेच: काटा हलत नाही, इंजिन मात्र झिजत असतं. गंगापूर धरणावर फिरणाऱ्या बोटींसारख्या वाहनांत हा घोटाळा होत नाही, कारण बोटीच्या इंजिनाची देखभाल तासांवर मोजतात. बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांना शंभर तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. गाडीच्या पुस्तिकेतही किलोमीटरसोबत महिने दिलेले असतात आणि धूळ, छोट्या फेऱ्या, घाट यांसाठी बहुधा वेगळा, कडक तक्ता असतो. पंचवटीतल्या पुष्कळ गाड्या त्याच तक्त्यात बसतात.

यावर आक्षेप येतो की लवकर बदला म्हणणं हा गॅरेजवाल्यांचा धंदा आहे. त्यात तथ्य आहे. आजच्या अनेक पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष ही मुदत कंपनीनेच दिलेली असताना सरसकट पाच हजारांना ऑइल काढणं म्हणजे पैसा आणि तेल दोन्ही वाया घालवणं. पुस्तिकेत नसलेलं ‘इंजिन फ्लश’ही खुशाल नाकारावं. पण कडक तक्ता गॅरेजने लिहिलेला नाही. तो गाडी बनवणाऱ्याचा आहे, म्हणून त्यावर विश्वास ठेवावा.

एअर फिल्टरबाबत अतिकाळजीच नडते. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते, तेव्हा फिल्टर महत्त्वाचा आहेच. पण थोडी धूळ बसलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा बारीक कण अडवतो. दर महिन्याला तो काढून हवेच्या जोरदार झोताने झाडला, तर कागद फाटतो किंवा कडेची रबरपट्टी नीट बसत नाही, आणि मग धूळ थेट आत. द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्याने तो लवकर बदलावा. झाडत बसू नये.

कूलंट थंड प्रदेशासाठी असतं, नाशिकला साधं पाणी पुरतं, हेही खरं नाही. कूलंट गोठणं टाळतं, तसंच उकळण्याचा बिंदू वाढवतं आणि गंज रोखतं. चाळीस अंशांच्या उन्हात याच दोन गोष्टींची गरज असते, आणि बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतात ते वेगळंच.

ब्रेक ऑइलकडे मात्र कोणी पाहतच नाही. पाहिलं तरी फक्त पातळी. हे ऑइल ओलावा शोषतं, गाडी उभी असली तरी. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. सप्तशृंगगडावरून नांदुरीकडे उतरताना ब्रेक सतत दाबलेले असतात. तापून ऑइलची वाफ झाली की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. बऱ्याच कंपन्या म्हणूनच ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आणि पातळी हळूहळू उतरत असेल, तर नुसतं वरून ऑइल ओतू नये: बहुधा ब्रेक पॅड झिजलेले असतात, नाहीतर कुठेतरी गळती असते.