हाडांची झीज : निदान व उपचार

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. यंत्राचा आस मोडण्याआधी तपासावा, हे आम्हांस कळते. घरातल्या आईचे हाड मात्र मोडेपर्यंत कोणी तपासीत नाही. हाड जन्मभर झिजते व पुन्हा भरते. पाळी थांबल्यावर झीज भरतीहून वाढते. दुखत काहीच नाही. मग साध्या पडण्याने मनगट, मणका वा खुबा मोडतो. उंची घटू लागली, पाठीला पोक आले, तर ते वयावर ढकलू नये.

निदान डेक्सा नावाच्या क्ष-किरण तपासणीने होते. निरोगी तरुण हाडाशी तुलना करून अंक काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या व्याख्येप्रमाणे तो उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास रोग समजावा. साध्या पडण्याने खुबा मोडला असेल, तर अंक कसाही असो, उपचार हवाच.

कॅल्शियम व ड जीवनसत्त्व हा पाया; पण झीज आवरण्यास बहुधा औषध लागते. अलेंड्रोनेटची साप्ताहिक गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी व अर्धा तास आडवे होऊ नये. नाहीतर अन्ननलिकेस इजा होते. औषध सुरू करणे वा थांबविणे डॉक्टरांच्याच सल्ल्याने.

मोडलेल्या खुब्यापायी घरातल्या कमावत्या माणसाचीही रोजी बुडते. तेव्हा पगाराच्या हिशेबात आईची तपासणी आधी मांडावी, एवढेच आमचे सांगणे.