गेमच्या दुकानात वय विचारतं कोण?

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये पोरासाठी फोन घेतला, की घाईघाईत त्यात बापाचंच जीमेल टाकलं जातं. झालं! प्ले स्टोअरच्या लेखी पोरगा थेट चाळिशीचा.

प्रौढांच्या गेमसाठी ‘स्टीम’ हे कम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान जन्मतारीख विचारतं. १ जानेवारी १९०० निवडलं तरी दार उघडतं. ब्रिटनमध्ये मात्र ऑगस्ट २०२५पासून अशा गेमसाठी खात्यावर क्रेडिट कार्ड नोंदवावं लागतं.

आपल्याकडे गेमना सिनेमासारखं सेन्सॉर बोर्ड नाही. प्ले स्टोअरवरचे १२+, १६+, १८+ हे शिक्के ‘आयएआरसी’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीचे. गेम बनवणाऱ्यानेच भरलेल्या प्रश्नावलीवरून ते ठरतात.

२०२०मध्ये पब्जीवर बंदी आली. त्याच्या जागी २०२१मध्ये आलेल्या बीजीएमआय या गेमने १८ वर्षांखालच्यांसाठी पालकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवायची सोय केली. कागदावर छान! पण धुळ्यातल्या एखाद्या घरात आईचा फोन दिवसभर पोराच्याच हातात असेल, तर ओटीपी वाचणार कोण?

त्यापेक्षा प्ले स्टोअरच्या सेटिंगमधलं ‘पॅरेंटल कंट्रोल्स’ भरवशाचं. त्याला पिन लागतो. पोराची जन्मतारीख तेवढी पिन म्हणून ठेवू नका. सेटिंग सापडत नसेल, तर फोनचं मॉडेल सांगून बिनधास्त विचारा.