तपस्तब्धीच्या उंचीतील ऋतुभेद : नगर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवरण

भूगोलाच्या प्राथमिक पुस्तकांत तपांबराची वरची मर्यादा 'सुमारे ११ किलोमीटर' अशी दिलेली पुष्कळदा आढळते. हा आकडा चुकीचा नाही. मात्र तो आपला नाही. समशीतोष्ण कटिबंधातील सरासरी वातावरण डोळ्यांपुढे ठेवून बसविलेल्या प्रमाण-वातावरणाचा तो आकडा आहे. पूर्वीचा अहमदनगर व २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९ उत्तर अक्षांशाच्या आसपास पसरलेला आहे. तेथील आकाशात ही मर्यादा वर्षभर साधारणपणे १६ ते १७½ किलोमीटरांच्या पट्ट्यात असते. अकोले तालुक्यातील कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर उंच आहे. अशी दहा शिखरे एकावर एक ठेवली, म्हणजे आपण या मर्यादेच्या जवळपास पोहोचतो.

प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र होय. तेव्हा विवेचनाचा आरंभ शब्दांपासून केला तर वाचकांनी तो विषयांतर समजू नये. या प्रकरणी शब्दांनीच काही समजुती रूढ केल्या आहेत, आणि त्या तपासल्यावाचून वस्तूचे स्वरूप नीट कळत नाही.

१. तीन शब्द आणि तीन समजुती

'तपस्तब्धी' या मराठी संज्ञेत 'तप' म्हणजे उष्णता आणि 'स्तब्धी' म्हणजे थांबणे हे दोन घटक आहेत. जमिनीपासून वर जाताना दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटणारे तापमान जेथे घटेनासे होते, ती ही पातळी. ज्या पाश्चात्त्य संज्ञेसाठी हा शब्द घडविला गेला, तिच्यातील ग्रीक घटकांचा अर्थ मात्र 'वळण्याचे थांबणे' असा आहे. म्हणजे तेथे भर आहे तो हवेच्या उलथापालथीवर. काही मराठी लेखक 'क्षोभसीमा' हा शब्द योजतात, तो या दुसऱ्या अर्थाला जवळचा. एक नाव तापमानावरून पडले, दुसरे गतीवरून. दोन्ही लक्षणे एकाच उंचीवर प्रकट होतातच असे नाही, ही गोष्ट या नामभेदातच सूचित झाली आहे.

जागतिक हवामान संघटनेने १९५७ साली स्वीकारलेली व्याख्या पहिल्या प्रकारची आहे. ज्या सर्वांत खालच्या पातळीवर तापमान घटण्याचे प्रमाण दर किलोमीटरला २ अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी होते, आणि तिच्या वरच्या २ किलोमीटरांतही सरासरी प्रमाण त्या मर्यादेबाहेर जात नाही, ती पातळी म्हणजे तपस्तब्धी. उष्ण कटिबंधात याखेरीज 'शीततम बिंदू' म्हणजे जेथे हवा सर्वांत थंड असते ती पातळीही मानतात. ती बहुधा पहिलीच्या थोडी वर पडते. ओझोन वायूचे प्रमाण जेथून झपाट्याने वाढू लागते, ती पातळी आणखी निराळी.

बोलींच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडे नाशिककडील आणि पूर्वेकडे मराठवाड्यातील बोलीची छटा मिसळू लागते. परंतु उच्चार जेथे बदलतो तेथेच प्रत्यय बदलत नाही, आणि प्रत्यय जेथे बदलतो तेथेच शब्दसंग्रह बदलत नाही. प्रत्येक लक्षणाची रेषा वेगळी असते व अनेक रेषांचा मिळून एक पट्टा होतो. उष्ण कटिबंधातील तपस्तब्धीही अशीच सुमारे १४ पासून १८ किलोमीटरांपर्यंत पसरलेली संधिभूमी आहे. तिला 'सीमा' म्हणताच एकच एक रेघ मनात उभी राहते, ही पहिली समजूत. ती रेघ अचल आहे, ही दुसरी. आणि तिच्यावरील 'स्थितांबर' नावाप्रमाणे स्थिर आहे, ही तिसरी. पुढील विवेचन मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या समजुतीसंबंधी आहे.

२. पुण्याचे फुगे

या भागातील वरच्या हवेची प्रत्यक्ष माहिती प्रथम पुण्याहून मिळू लागली. ऑक्टोबर १९२८ ते डिसेंबर १९३१ या काळात पुणे व हैदराबाद येथून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींचे विवेचन के. आर. रामनाथन व के. पी. रामकृष्णन यांनी केले. त्या काळी फुग्याला जोडलेले नोंदयंत्र फुगा फुटल्यावर जमिनीवर येई, आणि ज्याला ते सापडे त्याने परत केले तरच नोंद हाती पडे. रामनाथन यांनी १९२९ साली पृथ्वीवरील पहिल्या २५ किलोमीटरांतील तापमानाचे चित्र प्रसिद्ध केले. पृथ्वीभोवतालची अतिथंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्ताच्या वर सुमारे १७ किलोमीटरांवर आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. सर्वांत उष्ण भूमीच्या माथ्यावर सर्वांत थंड हवा असते, हा विरोधाभास ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे समजणे सोपे जाते.

३. खालची उचल आणि वरची ओढ

जमीन तापली की हवा वर चढते व तपांबर फुगते. म्हणून तपस्तब्धी उन्हाळ्यात व पावसाळ्यात वर आणि हिवाळ्यात खाली असावी, असा तर्क सहज सुचतो. उत्तर भारतापुरता तो खराही ठरतो. हिवाळ्यात तेथील आकाशात पश्चिमी जेट वारा वाहत असतो, आणि त्याच्या परिसरात एक खालची व एक वरची अशा दोन तपस्तब्धी एकाच वेळी आढळतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिबेट व उत्तर भारतावर उच्च पातळीवर प्रचंड प्रत्यावर्त प्रस्थापित होतो आणि तपस्तब्धी १७ ते १८ किलोमीटरांपर्यंत उचलली जाते.

द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडे गेल्यावर मात्र नियम उलटतो. आंध्र प्रदेशातील गादंकी येथे रडार व फुगे यांच्या साहाय्याने या थरांचा दीर्घकाळ अभ्यास चालू आहे. त्या अक्षांशांत तपस्तब्धी हिवाळ्यात अधिक उंच व अधिक थंड, तर पावसाळ्यात तुलनेने खाली व उबदार असते. खालून मिळणाऱ्या उष्णतेने याचा उलगडा होत नाही. त्याचे कारण वर, स्थितांबरात शोधावे लागते.

उत्तर गोलार्धातील पर्वतरांगा आणि भूमी व समुद्र यांच्या तापमानातील तफावत यांमुळे हिवाळ्यात हवेच्या अतिदीर्घ लाटा स्थितांबरात चढतात व तेथे भंग पावतात. त्यामुळे तेथील हवा ध्रुवाकडे ढकलली जाते, आणि तिची जागा भरून काढण्यासाठी उष्ण कटिबंधातील हवा मंद गतीने वर ओढली जाते. वर जाणारी हवा प्रसरण पावून थंड होते. साहजिकच शीततम बिंदू अधिक थंड होऊन वर सरकतो. उन्हाळ्यात ही ओढ मंदावते. एलन ब्रूअर यांनी १९४९ साली स्थितांबरातील हवा इतकी कोरडी का, या प्रश्नावरून या अभिसरणाचे अनुमान केले; पुढे डॉब्सन यांनी १९५६ साली ओझोनच्या वाटणीवरून त्याला पुष्टी दिली. बाष्पयुक्त हवा उणे ८० अंशांच्या आसपासच्या थंडीतून जाताना आपले बहुतेक बाष्प हिमरूपाने टाकून देते. वर पोहोचते ते दशलक्ष भागांत जेमतेम तीन-चार भाग. हिवाळ्यातील अधिक थंड द्वारातून कमी, तर पावसाळ्यातील उबदार द्वारातून अधिक बाष्प जाते. आणि हा ऋतुभेद ध्वनिफितीवरील मुद्रणाप्रमाणे वर सरकत जाताना उपग्रहांच्या निरीक्षणांत दिसतो. जे 'स्थित' म्हणून ओळखले जाते, ते खालच्या सीमेची उंची ठरविण्यात असा सक्रिय भाग घेते.

विषुववृत्तावरील स्थितांबरात सुमारे २८ महिन्यांच्या कालावधीत वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे व पुन्हा उलट असे पालटतात. तपस्तब्धीही त्याबरोबर किंचित हलते. १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर खालचे स्थितांबर काही अंशांनी तापले होते. याचाही परिणाम तपस्तब्धी खाली दाबण्याकडे होतो.

४. नगर जिल्ह्याची जागा

नगर जिल्हा या दोन नियमांच्या मधोमध येतो. दक्षिणेकडील हिवाळी उचल आणि उत्तरेकडील पावसाळी उचल या दोहोंचा प्रभाव येथे परस्परांना बराचसा छेद देतो. त्यामुळे सरासरीतील ऋतुभेद काही शेकडा मीटरांपासून फार तर एक किलोमीटरपर्यंतच राहतो. फरक थोडा दिसतो तो कारणे दुर्बल असल्यामुळे नव्हे, तर ती परस्परविरोधी असल्यामुळे.

पावसाशी या उंचीचा संबंधही वाटतो तितका सरळ नाही. पावसाळ्यात अकोल्याच्या घाटमाथ्यावर, घाटघर-रतनवाडीकडे, कोसळणारा पाऊस बहुतांशी उथळ ढगांतून येतो. त्यांचे माथे तपस्तब्धीच्या पुष्कळ खाली असतात. याच काळात त्यांच्या वर, १४ ते १६ किलोमीटरांवर, पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली वर्णिलेला पूर्वेचा जेट वारा द्वीपकल्पावरून वाहत असतो. त्या दिवसांत सोडलेला फुगा प्रथम पूर्वेकडे व नंतर पश्चिमेकडे जातो, हा त्याचाच पुरावा. उलट पर्जन्यछायेतील पूर्वेकडच्या तालुक्यांत वळवाच्या दिवसांत उठणारे गडगडाटी ढग संख्येने थोडे, परंतु उंचीने प्रचंड असतात. जेथे पाऊस उदंड तेथे ढग ठेंगणे, आणि जेथे पाऊस दुर्मिळ तेथे ढग गगनभेदी, असा हा प्रकार आहे.

येथेच ११ किलोमीटरांचा उसना आकडा घात करतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली. नगर जिल्ह्यातील पिकांनाही तिचा तडाखा बसला. समजा, अशा एखाद्या ढगाचा माथा १४ किलोमीटरांवर असल्याचे रडारने दाखविले. पाठ्यपुस्तकावर विसंबणारा विद्यार्थी तो ढग तीन किलोमीटर स्थितांबरात घुसल्याचे लिहील. वस्तुतः तो तपस्तब्धीच्या दोन-अडीच किलोमीटर खालीच थांबलेला असेल. ढगाचा ऐरणीसारखा सपाट माथा म्हणजेच तपस्तब्धी, हे समीकरणही येथे जपून वापरावे. उष्ण कटिबंधात पुष्कळ ढग १२ ते १४ किलोमीटरांवरच पसरतात. शीततम बिंदूपर्यंत पोहोचतात ते थोडेच.

५. उपसंहार

तपस्तब्धीची उंची हल्ली तापमानवाढीची खूण म्हणून अभ्यासली जाते. २० ते ८० उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात १९८० ते २०२० या काळात ती दर दशकास सुमारे ५० ते ६० मीटरांनी वाढल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविले आहे. आपला जिल्हा त्या पट्ट्याच्या दक्षिण कडेला, किंचित बाहेर पडतो. दशकाची वाढ ५० मीटर, ऋतूचा फेर शेकडो मीटर, आणि निरनिराळ्या व्याख्यांनी येणारा फरकही शेकडो मीटर, हे प्रमाण पाहिले म्हणजे धोका कोठे आहे ते कळते. एका दशकातील जानेवारीच्या नोंदी दुसऱ्या दशकातील जुलैच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, अथवा एकीकडे १९५७ ची व्याख्या व दुसरीकडे शीततम बिंदू घेतला, तर नसलेली वाढ दिसू लागेल किंवा असलेली वाढ झाकली जाईल.

म्हणून विद्यार्थ्यांनी तपस्तब्धीचा आकडा लिहिताना त्याबरोबर स्थळ, महिना आणि व्याख्या या तीन गोष्टी अवश्य नमूद कराव्यात. बोलीतील शब्दरूप नोंदविताना गाव व बोलणारा यांचा उल्लेख न करणारी टिपणवही आपण ग्राह्य मानत नाही. आकाशाच्या नोंदीलाही तोच नियम लागू आहे.