दंडाच्या दीड लाख पावत्या आणि एक नकाशा

इटलीतल्या एका शहरात 2 ऑगस्ट 2006 रोजी स्थानिक पोलिसांनी कुणाला तरी 35 युरोचा दंड लावला. प्रकरण क्रमांक ए-100. पावती टपालाने रवाना झाली 12 डिसेंबरला, पोचल्याची नोंद झाली 15 जानेवारी 2007 ला. 16 मार्चला, म्हणजे बरोबर साठाव्या दिवशी, रक्कम वाढून 71.50 युरो झाली. पैसे तरीही आले नाहीत. शेवटची नोंद 30 मार्च 2009 ची: प्रकरण वसुलीकडे.

नाव नाही, गाव नाही, गाडीचा नंबर नाही. अशी 1,50,370 प्रकरणं आणि त्यांतल्या 5,61,470 नोंदी 2015 मध्ये संशोधकांसाठी खुल्या करण्यात आल्या. तेव्हापासून या विषयात नवी पद्धत काढणारे अनेक जण ती या दंडांवर चालवून बघतात. विषयाचं नाव प्रोसेस मायनिंग. कार्यालयाच्या संगणकात साठलेल्या नोंदींवरून तिथलं काम खरोखर कसं चालतं याचा नकाशा काढायचा आणि तो नियमाशी ताडून बघायचा, हा त्याचा उद्योग.

कार्यालयाच्या कामाचा नकाशा एरवी कसा तयार होतो? सल्लागार येतात, साहेबांना विचारतात, दोन-चार कारकुनांशी बोलतात आणि चौकोन-बाणांचं एक देखणं चित्र भिंतीवर लागतं. त्यात खोटं कुणीच बोललेलं नसतं, फक्त प्रत्येकाने काम जसं व्हायला हवं तसं सांगितलेलं असतं. संगणकाला मात्र कसं व्हायला हवं याच्याशी देणंघेणं नसतं. त्याच्याकडे प्रत्येक नोंदीबरोबर तीन गोष्टी असतात: प्रकरण कोणतं, काय केलं, केव्हा केलं. प्रोसेस मायनिंगला सुरुवात करायला तेवढं पुरतं.

या नोंदींतून नकाशा काढण्याची एक वाट 1998 मध्ये आयबीएममधल्या राकेश अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली होती. पण विषयाला आकार आला तो नेदरलँड्समधल्या आइंडहोवन विद्यापीठात, विल व्हॅन डर आल्स्ट यांच्या गटात. त्यांची अल्फा ही रीत 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. ती इतकी साधी आहे की वही-पेन्सिल घेऊनही करता येते. दोन कामं घ्या. पहिल्यानंतर लगेच दुसरं येतं आणि उलट कधीच होत नाही, तर पहिल्यामुळे दुसरं, असा बाण काढा. दोन्ही क्रम आढळतात, तर ती कामं एकमेकांवर अवलंबून नाहीत, समांतर चालतात. इटलीच्या दंडांत रक्कम वाढवणं आणि वरिष्ठांकडे अपील करणं यांचं तसंच आहे, कधी हे आधी तर कधी ते. आणि एकाच कामानंतर दोन बाण फुटतात, पण ती दोन कामं एकमेकांच्या शेजारी कधी येतच नाहीत, तर तिथे फाटा आहे: हे किंवा ते.

हे बाण जोडून होणारं चित्र पेट्री नेट नावाच्या भाषेत मांडतात. जर्मन गणिती कार्ल अॅडम पेट्री यांच्या 1962 च्या प्रबंधातून ती आली. चौकोन म्हणजे काम, वर्तुळ म्हणजे दोन कामांमधली जागा आणि वर्तुळातून वर्तुळात सरकणाऱ्या सोंगट्या म्हणजे प्रकरण कुठवर आलं याची खूण. मागच्या सगळ्या वर्तुळांत सोंगटी असेल तरच चौकोनातलं काम होऊ शकतं.

अल्फाचं दुखणं असं की हजार वेळा घडलेली गोष्ट आणि कारकुनाच्या चुकीच्या बटणाने एकदाच घडलेली गोष्ट तिच्या लेखी सारखीच. तेच काम लगोलग दोनदा झालं तरी ती गोंधळते. म्हणून पुढे वारंवारता मोजणाऱ्या रीती आल्या. 2013 मध्ये सँडर लीमन्स यांनी मांडलेली इंडक्टिव्ह मायनर ही रीत तर निघालेला नकाशा मध्येच अडकणार नाही याची हमी देते.

दंडांच्या नोंदींत कामाचे प्रकार अकराच आहेत, पण प्रकरणांनी घेतलेल्या वाटा 231. त्यातल्या तीनच वाटांनी सुमारे 82 टक्के प्रकरणं जातात. सर्वांत मोठी वाट ए-100 चीच: दंड, पावती, पोच, वाढ, वसुली. 56,482 प्रकरणं. दुसरी, दंड झाला आणि पैसे भरून मोकळे झाले, पावती पाठवण्याची वेळच आली नाही: 46,371. तिसरी विचित्र आहे. दंड, पावती रवाना आणि पुढे काहीच नाही. अशी 20,385 प्रकरणं. संगणक एवढंच दाखवून थांबतो. या फाइली का थांबल्या हे विचारायला माणसालाच उठून त्या टेबलापर्यंत जावं लागतं आणि माझ्या मते या शास्त्राचा खरा उपयोग हाच आहे: कुठल्या टेबलापाशी जायचं ते कळतं.

आता तपासणी. नकाशा हातात आला की प्रत्येक प्रकरण त्यावरून पुन्हा चालवून बघतात. नोंद आली की चौकोन चालवायचा आणि सोंगटी पुढे सरकवायची. सोंगटी नसताना नोंद आली, तर एक सोंगटी उसनी घेऊन पुढे जायचं, पण उसनवारी लिहून ठेवायची. शेवटी कुठे सोंगट्या उरल्या तेही मोजायचं. उसन्या आणि उरलेल्या सोंगट्यांवरून नकाशा आणि नोंदी किती जुळतात याचा आकडा निघतो आणि नेमकं कुठे बिनसलं तेही दिसतं.

मात्र हा आकडा पैकीच्या पैकी आला म्हणून नकाशा चांगला ठरत नाही. कुठल्याही कामानंतर कुठलंही काम चालेल असा नकाशा काढला, तर प्रत्येक प्रकरण त्यात बसतं आणि कळत काहीच नाही. उलट प्रत्येक प्रकरणासाठी वेगळी वाट आखली, तर घोकंपट्टी केलेल्या विद्यार्थ्यासारखं होतं: पाहिलेला प्रश्न सुटतो, उद्याचा सुटत नाही. म्हणून जुळणीबरोबर नेमकेपणा, उद्याच्या प्रकरणांना पुरून उरणं आणि साधेपणा याही कसोट्या लावतात. चारही एकदम पूर्ण साधत नाहीत. एकीकडे ओढलं की दुसरीकडे सुटतं.

नकाशा आणि नोंद जुळली नाही तर चूक कोणाची? इथे घाई महागात पडते. ए-100 ची पावती 132 दिवसांनी निघाली. इटलीत दंडाची पावती पाठवायची मुदत 90 दिवसांची आहे, म्हणजे हे प्रकरण सरळ नियमबाह्य. पण ही मुदत 2010 मधल्या कायद्याने आली. त्याआधी ती 150 दिवसांची होती, म्हणजे 2006 च्या नियमाने ए-100 मुदतीत आहे. संगणकाला आजचा नियम देऊन जुनी प्रकरणं तपासायला बसवलं, तर तो हजारो निर्दोष फाइली लाल करून देईल, तेही दशांश चिन्हापर्यंत अचूक.

ही सगळी दंडांसारख्या आखीव कामाची गोष्ट झाली. नेदरलँड्समधल्या एका रुग्णालयाच्या नोंदीही 2016 मध्ये खुल्या झाल्या. विषय सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच बिघडून जिवावर बेतण्याची अवस्था. रुग्ण 1,050, नोंदी 15,214 आणि वाटा 846. बहुतेक रुग्णांची वाट ज्याची त्याची एकट्याची. अशा नोंदींचा नकाशा म्हणजे नुसता गुंता, त्याला या क्षेत्रात स्पॅगेटीच म्हणतात. तिथे पूर्ण नकाशाचा हट्ट सोडून मोजके प्रश्न विचारावे लागतात: तपासणीनंतर प्रतिजैविक किती वेळात दिलं? लॅक्टिक आम्लाची चाचणी केव्हा झाली?

नोंदीत नसलेलं या शास्त्राला दिसत नाही, हेही विसरून चालत नाही. फोनवर मिटलेली अडचण, चहाच्या टपरीवर झालेला निर्णय, संध्याकाळी एकदम भरलेल्या दिवसभराच्या नोंदी, यातलं काही नकाशावर येत नाही. आणखी एक धोका आहे. प्रत्येक नोंदीमागे एक कर्मचारी असतो. 2011 मध्ये म्युनिकच्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेली सेलोनिस ही कंपनी आज याच विद्येवर उभी आहे, एसएपी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट यांनीही या धंद्यातल्या कंपन्या विकत घेतल्या आहेत. काम कुठे तुंबतं हे शोधणारं साधन कोण किती मिनिटं बसून होता हे शोधायलाही वापरता येतं. ते कशाला वापरायचं हे आधी लिहून ठेवलेलं बरं.

आपल्याकडे या विद्येला सर्वांत योग्य काम कोणतं, असं मला विचाराल तर सातबाऱ्यावरचा फेरफार. दस्त नोंदला जातो, तलाठ्याकडे फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस थांबायचं, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, हरकत आली तर प्रकरण वेगळ्या वाटेने जातं. नियम लेखी आहे, फाटे मोजके आहेत आणि ई-फेरफार आल्यापासून टप्प्याटप्प्याची वेळ संगणकात पडते आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने कित्येक दाखल्यांना मुदतीही ठरवून दिल्या आहेत. इटलीच्या पोलिसांच्या नोंदी नावं काढून खुल्या करता आल्या, तर महसूल खात्यालाही ते अवघड नाही. फेरफार क्रमांकाच्या जागी एखादा सांकेतिक आकडा, टप्प्याचं नाव आणि तारीख-वेळ, एवढे तीन रकाने द्यावेत. नकाशा काढायला पुण्या-मुंबईतल्या महाविद्यालयांत विद्यार्थी पुष्कळ आहेत आणि त्याला लागणारी प्रॉम, पीएमफोरपाय यांसारखी साधनं फुकट मिळतात.