चिकूच्या रानाचे राखणदार

डहाणू-घोलवडच्या वाड्यांतला चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. ग्वाटेमालाच्या उत्तरेला, पेतेनच्या वर्षावनात, त्याची उंच रानटी झाडं आजही उभी आहेत. बुंध्यावर कोयत्याने नागमोडी खाचा पाडल्या की चीक पाझरतो. एके काळी च्युइंगगम यापासूनच बनायचं. एकदा चीक काढला की झाडाला काही वर्षं विसावा द्यावा लागतो, नाहीतर ते मरतं. म्हणून चीक काढून पोट भरणाऱ्याला झाडाची काळजी वाटते ती भूतदयेपोटी नव्हे, पुढच्या फेरीच्या हिशेबापोटी. पेतेनमध्ये जंगल राखलं ते या हिशेबानेच.

१९९० मध्ये तिथे सुमारे २१ लाख हेक्टरांचं माया संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. त्यातला काही भाग राष्ट्रीय उद्यानं म्हणून बंद केला. दुसऱ्या काही भागात १९९४ पासून स्थानिक संस्थांना २५ वर्षांचे करार मिळू लागले. जमीन सरकारची, वापर गावाचा. ठरल्या पट्ट्यातलीच मोजकी महोगनी तोडायची, शाते नावाच्या पामची पानं फुलांच्या सजावटीसाठी परदेशी पाठवायची आणि वणवे आपणच रोखायचे. पुढे झालं अपेक्षेच्या उलटंच. लगुना देल तिग्रे या ‘बंद’ उद्यानात गुरांची कुरणं पसरत गेली, त्यांतल्या कित्येकांमागे अमली पदार्थांचा पैसा. करार मिळालेल्या कार्मेलिता आणि वाशाक्तून या गावांकडचं रान मात्र बव्हंशी शाबूत राहिलं.

यावर आक्षेप येतो की ही गावं आडबाजूला, तिथवर अतिक्रमण पोचलंच नसेल. शंका रास्त आहे. पण रस्ते, अंतर, जमिनीचा कस असे घटक जुळवून केलेल्या अभ्यासांतही वापराची मुभा असलेल्या पट्ट्यात जंगलतोड कमी आढळली. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ला कोलोरादासारखे करार फसले, रद्द करावे लागले. खरं आहे. तिथे नव्याने वसलेल्या लोकांची नजर शेती आणि गुरांवर होती, जमिनीचे तुकडे परस्पर विकले गेले. म्हणजे नुसता कागद पुरत नाही. उत्पन्न उभ्या झाडांतून यावं लागतं. जुन्या चीकवाल्यांच्या गावांत ते आधीपासून येत होतं. कार्मेलिताचा करार २०१९ मध्ये आणखी २५ वर्षांसाठी वाढवण्यात आला. महोगनीला तोडणीजोगं व्हायला मात्र याच्या दुपटीहून जास्त काळ लागतो.