शेताला सून हवी

आयर्लंडच्या खेड्यांत १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळाआधी गरीब शेतकरी लवकर लग्न करत आणि जमिनीचे तुकडे पाडून मुलांना वाटत. दुष्काळाने ती सवय मोडली. पुढे अख्खं शेत एकाच मुलाला मिळू लागलं, तेही बहुधा त्याचं लग्न ठरताना. तोवर कारभार बापाचा. चाळिशी उलटलेला माणूससुद्धा गावात ‘पोरगा’च!

कॉनरॅड आरेन्सबर्ग आणि सोलोन किंबल हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात क्लेअर परगण्यात राहिले. त्यांच्या नोंदींत लग्नाची बोलणी तपशीलवार सापडतात. मध्यस्थ मुलाकडचा निरोप घेऊन मुलीकडे जाई. मग मुलीकडचे शेत बघायला येत. चराई किती गाईंची, रस्ता किती लांब, सगळं विचारून घेत. हुंड्याची घासाघीस आटोपली की वकिलाकडे कागद व्हायचा. शेत मुलाच्या नावावर; म्हाताऱ्यांना चुलीमागची पश्चिमेची खोली, एका गाईची चराई, वर बटाटे. सासूसुनांचं पटेल या भरवशावर कुणी राहत नसे, हे शहाणपणाचंच.

हुंडा मुलाच्या बापाकडे जाई आणि त्यातून तो आपली लेक उजवी. तोच पैसा घरोघरी फिरे, पण एका घरात एखादीलाच पुरे. उरलेल्या भावंडांनी अमेरिकेची बोट धरायची, नाहीतर भावाच्या शेतावर बिनलग्नाचं राबायचं. जुन्या लग्नांच्या रम्य आठवणींत ही भावंडं क्वचितच दिसतात.

ईस्टरपूर्वीच्या उपवासात लग्नं लागत नसत, म्हणून आदल्या मंगळवारपर्यंत नुसती धांदल. पेंढ्याचे मुखवटे घातलेली, न बोलावलेली तरुण मंडळी लग्नघरी शिरून नवरीबरोबर नाचत. मुन्स्टर प्रांतात उपवासातल्या पहिल्या रविवारी चर्चला निघालेल्या अविवाहितांच्या कोटावर पोरं खडूने रेघा ओढत. थट्टाच ती, पण शेत अजून बापाच्याच नावावर असलेल्याला ती किती झोंबत असेल!

लिस्डूनवार्ना या गावी आजही सप्टेंबरात, सुगीनंतर, लग्नं जुळवण्याचा उत्सव भरतो. त्यात आता नाचगाणी आणि पर्यटकच जास्त. शेत आणि हुंड्यावर लग्न ठरवायची जुनी पद्धत मोडली ती कायद्याने नव्हे. विधवेला मृत्युपत्र डावलून हक्काचा वाटा देणारा वारसा कायदा १९६५ मध्ये आला, तोवर खेड्यातल्या कितीतरी मुली डब्लिनला, इंग्लंडला निघून गेल्या होत्या. तिथे पगार स्वतःच्या हातात येई आणि सासूच्या चुलीशी गाठ नव्हती. इकडे शेत अखेर नावावर झालेले कितीतरी ‘पोरगे’ अविवाहितच राहिले.